पोवळी कोंबडीच्या कंठरोगाची हकीकत

श्री. जीवमात्राचे कंठी घास घालणारा जो गजानन, त्यास नमन करोन वर्तमान लिहिले जाते ऐसे जे: शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, श्रावणमासी एके राज्यी सगुणाबाई म्हणोन कोणी सत्त्वशील बाई होत्या. आवाज इतका मृदु की जवळ बसलेल्या शेजारणीसही कान लावोन ऐकावे लागे. गजाननास दूर्वा आणि कापसाचे वस्त्र वाहिल्याशिवाय पाणी घेत नसत. त्यांणी पोवळी नामे कोंबडी लेकीसारखी पाळिली होती. तिचे गळ्याखालची दाण्याची पिशवी फुगोन लिंबासारखी कठीण जाहली, आणि दाणा खाली उतरेना, आणि गळा भरलेला असोन पाखरू भुकेने वाळो लागले. मग बाई तिज पदराखाली घेऊन दरबारचे अश्ववैद्य नारोपंत यांजकडे गेल्या. पंतांनी हात न लाविता फर्माविले, "तूप पाजा. घोड्यास लागू पडते." बाईंनी भरवसा धरोन पाजिले, आणि तूप श्वासात शिरोन पोवळी घरघरो लागली. बाई धावत परतल्या, तो पंत विडा चघळीत म्हणाले, "मग आता तिखटमीठ लावा! कोंबडीस वैद्य कोण शोधितो हो?" आणि सारी पागा हसली. बाईंचे डोळा पाणी आले नाही, अंगार आला.

मग कळले जे सरकारचे शिकारखान्यात याकूब हकीम बाज पक्ष्यांस औषध करितात, पाखरांचे कंठ त्यांस ठाऊक. बाई पूजा टाकोन तैशाच निघाल्या. द्वारी कारभारी विसाजीराव आडवे जाहले, बोलिले, "हकीम बाजांकरिता. कोंबडी येथे आत जाते ती बाजांचे ताटात. ठेवायची तर ठेवोन जा."

"बाजांस वाढायचे तर आधी मला वाढा," बाई बोलिल्या, आणि जन्मात प्रथम त्यांचा आवाज चढला. "म्हातारीचे मांस चिवट आहे, दमाने खा म्हणावे! आज पूजा राहिली, तोंडात पाणी नाही. हे मी तुमचे दारी धरणे धरिले. मी उठेतो तुम्हांसही जेवता यावयाचे नाही, विसाजीराव."

"अहो बाई, पाखराकरिता धरणे?"

"पाखराकरिताच!"

दारी धरणेकरी उपाशी मेला तर पाप घरधन्याचे माथी, म्हणोन कारभाऱ्यांचा चेहरा उतरला. गलबला ऐकोन हकीम बाहेर आले आणि पिशवी चाचपोन गरजले, "तूप कोणी पाजिले? त्यास घोड्याचे मागल्या पायाशी उभा करा!" मग पिशवीस बारीक चीर देऊन आतून बोळा ओढिला, तो लांब दूर्वा कापसात गुरफटलेल्या. बाईंनी ओळखिले, हे आपलेच देवाचे निर्माल्य. निर्माल्य पायी तुडवो नये म्हणोन त्या ते तुळशीचे मुळाशी ठेवीत, आणि पोवळी तेच वेचीत असे.

विसाजीराव खदखदोन हसले. "देवानेच मारिली की!"

"देवाने नाही, मी," बाई बोलिल्या. "माझी चूक मी निस्तरीन. तुम्ही आपली बोला." मग हकिमांनी रेशमाने चीर शिविली, आणि पोवळी मान झाडोन पाणी प्याली, आणि बाई धरणे सोडोन घरी जाऊन पूजेस बसल्या.

सारांश, पाखरू वाचले. पुढे बाई निर्माल्य मातीत पुरू लागल्या. चातुर्मासात वांगे सोडितात तैसा राग सोडावा, ऐसे घरचे उपाध्ये म्हणाले. बाई पूर्ववत मृदु स्वरे बोलिल्या, "वांगे सोडिले, भटजी. हा राहो द्या."