व्याह्यांचं खरबूज

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी नूतनला वरवंटा सापडेना. पुरणाची डाळ शिजलेली, पाटा धुऊन ठेवलेला, आणि वरवंट्याचा पत्ता नाही. तिनं कॉटखाली पाहिलं, मोरीत पाहिलं, आणि मग कपाळाला हात लावून जिन्यातून वर ओरडली, "अहो, वरवंटा आना खाले!"

गच्चीत तिचा नवरा भटू पाटील दुर्बिणीच्या बुडाला तोच वरवंटा सुतळीनं करकचून बांधत होता.

दिवाळीला लागून सूर्यग्रहण झालं आणि तेव्हापासून भटूच्या डोक्यात आभाळ शिरलं. एरवी हा सुरतेच्या उधन्यात कापडाच्या लूमवर दिवसभर तुटलेले धागे जोडणारा साधा माणूस. दुकानात तिवईवरची लांब, देखणी दुर्बीण होती, पण दुकानदारच म्हणाला, "ती नवरदेवाची घोडी हो, मिरवायला बरी. बघायचं असेल तर मोठा आरसा घ्या." म्हणून भटूनं आरसा घेतला. पलसाण्याच्या डाइंग हाउसमधून तागे गुंडाळायची जाड पुठ्ठ्याची नळी मागून आणली. ती लाकडी खोक्यात तोफेसारखी बसवली, आणि झाली डॉबसोनियन दुर्बीण तयार! नेम धरायला तिच्या तोंडाशी आणखी एक छोटी नळी लावली, तेव्हा मात्र ती तोंडाकडे जड झाली. सोडली की मान टाकून जमिनीकडे बघायची. म्हणून बुडाला वरवंटा.

आता यात बायकोचं माहेर बुडालं, हे भटूच्या उशिरा लक्षात आलं. रजा आरसा आणण्यात संपली, गाडीभाडं आरशात गेलं. खानदेशात अखाजीला लेक माहेरी नाही म्हणजे काय! सासूबाई उषाबाई स्वतःच शिंदखेड्याहून गाडीत बसून आदल्या रात्री सुरतेला येऊन थडकल्या होत्या, आणि आता नूतनपाठोपाठ गच्चीत चढून आल्या.

"जवाई, लेकले धाडं नही. असं काय सोनं शे त्या नळीमा?"

"चांद दिसस, मामी."

"चांद तर मले अंगनमाईनबी दिसस."

"पन जवळ दिसस. त्यावरना खड्डे दिसतस!"

"खड्डे आमना गावना रस्तावर काय कमी शेत?" उषाबाई पदर खोचून म्हणाल्या, "आज दखाडा. नही दिसना तर सकायनी गाडीमा लेकले ली जासू. मंग ती दिवाईलेच येई."

भटूच्या तोंडचं पाणी पळालं. नूतनशिवाय त्याला चहाची साखरसुद्धा सापडत नसे. त्यानं आशेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी जाऊ का राहू, ते तुमना आरसाले इचारा," आणि वरवंटा सोडवून घेऊन गेली.

पुरण वाटून झालं तेव्हा भटू हळूच स्वयंपाकघरात डोकावला. उषाबाई खापरावर पुरणाचा मांडा टाकत होत्या आणि वरवंटा त्यांच्या मांडीला लागून होता. "अन्नना वरवंटा शे. त्याले परत सुतळी लावशात तर खबरदार!"

झालं. भटूनं नळीला कुलूप बांधून पाहिलं, हलकं पडलं. वीट बांधली, तर नळी तोंड वर करून थेट डोक्यावरचं आभाळ बघू लागली. एवढ्यात घरमालक छगनभाई वर आले.

"भटूभाई, केबलनी डिश छे के?"

"ना रे, आमांथी चांदो जोवाय."

"एम? तो आपणे बधा जोईशू!" छगनभाईंनी सगळ्यांनी मिळून चांद बघायचा म्हणून गल्लीला आवतण देऊन टाकलं. आता फजिती झालीच तर सगळ्यांसमोर होणार होती.

सूर्य कलला. भटू वजन शोधत घरभर फिरला आणि कोपऱ्यातल्या घागरीपाशी थबकला. अखाजीला पितरांच्या नावानं भरलेली घागर. तिच्यावर त्याच्या वडिलांसाठी ठेवलेलं गोल, गुबगुबीत खरबूज. दुपारीच पूजा झाली होती, नैवेद्य दाखवून झाला होता. भटूनं खरबूज हातात तोललं. अगदी वरवंट्याएवढं! त्यानं हात जोडले. "दादा, जरासा वखत द्या. चांद देखी लिधा की परत ठेवस."

खरबूज गमछ्यात बांधून नळीच्या बुडाला लटकवलं आणि नळी जिथल्या तिथे थांबली. पश्चिमेला तिजेची कोर होती. गच्चीत जत्रा जमली. छगनभाईंनी पहिला मान घेतला आणि नळीच्या बुडाला डोळा लावून म्हणाले, "आमां तो खरबूजनी वास आवे छे!"

तेवढ्यात उषाबाई वर आल्या. त्यांची नजर गमछ्यावर गेली.

"जवाई! बापना नावनं खरबूज नळीना बुडले बांधं?"

भटूला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "मामी, वरवंटा तुम्ही दिधा नही... एक डाव देखा. मंग काय मारनं ते मारा."

उषाबाई रागारागानं वाकल्या. भटूनं दाखवलेल्या, नळीच्या बाजूच्या भिंगाला डोळा लावला आणि हलेचनात. बराच वेळ गेला.

"माय वं," त्या हळूच म्हणाल्या, "भाकरवर फोड येतस तसा दिसी ऱ्हायना." मग मान वर केली. "पन उलटा शे."

"आरसामुळे उलटं दिसस, मामी."

"ऱ्हाऊ द्या. आमना जवाईबी उलटाच शे."

गच्ची हसली. नूतन सगळ्यात मोठ्यानं हसली. भटूनं संधी साधून गमछ्याला हात घातला. "खरबूज सोडू ना?"

"हात लावू नका!" उषाबाई कडाडल्या, आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "इवाईनी धरेल शे नळी, म्हनीसन हालत नही. जित्ता व्हतात तैबी असाच. मुकामुका सगळासनं वझं उचलेत."

भटूला भरून आलं. सासूबाईंचे इवाई म्हणजे त्याचे वडील; ते गेल्यापासून त्यांच्याबद्दल कोणी एवढं नीट बोललं नव्हतं.

सकाळी नूतनची पिशवी भरलेली नव्हती. भटूनं भीत भीत विचारलं, "मामी, गाडी?"

"कोनी गाडी? आते पुनीवलोंग ऱ्हासू. चांद मोठा व्हयी ना!"

भटूचा जीव भांड्यात पडला. पण संध्याकाळी तो गच्चीत गेला तर उषाबाई नळीपाशी, मागे नूतन, मागे छगनभाई आणि त्यांची अख्खी गल्ली. तीन दिवसांत खरबूज मऊ पडलं. उषाबाईंनी ते कापून सगळ्यांना प्रसाद म्हणून वाटलं आणि जावयाला फर्मान सोडलं, "जा, इवाईकरता नवं आना. वजन बराबर पाहिजे, बरं!"

त्यामुळे लूम सुटल्यावर भटू पाटील बाजारात उभा राहून दोन्ही हातांत खरबुजं तोलत असतो, आणि चंद्र सासूबाई बघतात.