तहानलेल्या बाईचं पाणी

गाडीच्या हीटरची नळी सैल झाली तेव्हा मेकॅनिककडे जायचं की कुंपणाची तार गुंडाळायची, एवढाच प्रश्न होता. रुपेर्तोने तार गुंडाळली. (सान हुआनमध्ये निम्मे संसार तारेवर टिकलेत, असं तो सांगे, बायकोसमोर नाही.) डिझेलची ती गाडी त्याच्या लग्नाहून जुनी होती आणि तिचा ताप आपल्यालाच कळतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

चार वाजता मेहुणीच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. धर्मपिता म्हणून रुपेर्तोचं नाव होतं. पाद्री महिन्यातून एकदाच येई. उशीर झाला तर मेहुणा एवारिस्तो त्याच्या जागी उभा राहणार होता. केक मावेना म्हणून रुपेर्तोने सकाळी पाण्याचे दोन्ही कॅन घरीच उतरवले होते.

"माझे पाय ओले वाटतायत," वाटेत त्याची बायको नेलिदा म्हणाली.

"घाम असेल."

ऐन दुपारी, माणसं झोपलेली असताना, इंजिनच्या तापाचा काटा लाल रेघेत गेला. गाडी नेमकी दिफुंता कोरेआच्या देवळीपाशी थांबली. तहानेने मेलेली ती बाई. येणारेजाणारे तिच्यासाठी पाणी ठेवतात. शेकडो बाटल्या उन्हात चकाकत होत्या. वारा पडला होता आणि एकही पाखरू नव्हतं.

"तिचं पाणी घेऊ नकोस, रुपेर्तो."

"परत देईन की. दुप्पट."

गाडी निवल्यावर त्याने फडक्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, इंजिन सुरू केलं आणि उष्णता ओढून घ्यायला हीटर पूर्ण सोडला. (ही युक्ती त्याने दहा जणांना शिकवली होती.) एक बाटली ओतली, मग दुसरी. बाराव्या बाटलीलाही रेडिएटर कोरडाच. गाडीखाली थेंब नाही. आतून मात्र स्पष्ट आवाज येत होता, गट्, गट्, कुणी घाईने पीत असल्यासारखा.

रुपेर्तोच्या अंगावर काटा आला.

"ऐकतेस ना?"

"कधीपासून," नेलिदा देवळीपाशी गुडघे टेकून हळूच म्हणाली. "तिचं होतं, ती पितेय."

त्याला खरोखर भीती वाटली. बाटल्यांकडे बघायचं धाडस होईना. तोही मातीत गुडघ्यावर बसला. "बाई, चुकलो. माझं काहीही घे, पण चारपर्यंत पोचव."

आवाज थांबला. तो उठला आणि पुढचं दार उघडलं. आतलं पाणी भसकन त्याच्या पायांवर आलं, त्यात बाप्तिस्म्याची मेणबत्ती आणि त्याचा एक नवा काळा बूट. दुसरा सीटखाली तरंगत होता. तारेतून निसटलेली नळी अजून ठिबकत होती.

नेलिदाने हीटरकडे पाणी सोडणारा कॉक बंद केला, बाईची माफी मागून आणखी सहा बाटल्या ओतल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली.

चारला दोन मिनिटं असताना रुपेर्तो चर्चमध्ये शिरला. प्रत्येक पावलाला बूट पचपचत होते. बाळाला हातात घेऊन, शेजारच्या एवारिस्तोच्या कानात त्याने सगळं सांगितलं: पडलेला वारा, अदृश्य ओठ, ते गट्, गट्.

एवारिस्तोने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"दाजी," तो म्हणाला, "तार ना?"