तात्यांची पहिली आजारी रजा

अंगात एकशे दोन ताप असताना तात्यांनी साठ पोती हळद नापास केली होती. तीही घरी खाटेवर पडून, फोनवरून.

आमच्या सांगलीच्या पेढीवर तात्या हळदीची पारख करतात. हळकुंड कानाशी धरून मोडायचं आणि आवाजावरून ओल सांगायची. आजारी पडले की त्यांचा मला फोन येतो, "गड्या, फोन जवळ धर आन् मोड." मी मोडतो. "ही ओली हाय. दुसरी घे. जोर लाव रं, जेवला न्हाईस व्हय?"

पेढीत वर्षाला सात आजारी रजा मिळतात. तात्यांनी बारा वर्षांत एकही घेतली नव्हती. पलटणीतून आले तेव्हापासून त्यांचं एकच उत्तर, "ताप अंगाला हाय, कानाला न्हाई." एकदा घसा पार बसला, तर फोनवर चमचा वाजवायला लागले. एक टकटक म्हणजे पास, दोन म्हणजे नापास. शेतकरी बिचारे श्वास रोखून चमचा ऐकत उभे!

गेल्या महिन्यात त्यांना न्यूमोनिया झाला. धाकट्या शेठनी फर्मान काढलं, आजारी माणसानं काम करायचं नाही, तात्यांचा फोन कुणी उचलायचा नाही. दोन दिवसांत माझ्याकडे त्यांचे एकतीस मिस्ड कॉल. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन घरी गेलो. डॉक्टरांनी भरपूर झोप सांगितलेली आणि तात्या खाटेवर टक्क जागे.

"तात्या, शेठ रागावतील. काम बंद म्हणजे बंद."

"कामाचं मरू दे रं. तुझी काकी गेल्यापासनं घरात आवाजच न्हाई. झोपच येत न्हाई बघ. तुमचा कालवा कानावर पडला की बरं वाटतं."

मला माझीच लाज वाटली. त्यांच्या चमच्याची नक्कल करून मी सगळ्या पेढीला हसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला आणि पारखीच्या टेबलावर ठेवला. "तात्या, विचारायचं काही नाही. नुसतं ऐका." हमालांची आरडाओरड, पोत्यांची धपधप, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. थोड्या वेळानं फोनमधून घोरणं ऐकू आलं.

तेवढ्यात शेठ आले. फोनवरचं नाव वाचून थबकले. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं.

त्यांनी वाकून फोनमधलं घोरणं ऐकलं आणि रजेची वही काढून तात्यांच्या नावापुढे पहिली रजा मांडली. मग स्वतःचा चार्जर आणून माझ्या फोनला लावला.