निधनाखालची मोकळी जागा

न्हाई गुरुजी, फोनवर तुमी तुमचंच बोलून कट केलं, आता माझा मेसेज पुरा ऐका. म्हणे, "सांडू, अडाणी माणसानं फळ्याला हात लावू नये." अडाणी असंन मी, आंधळा न्हाई! केदारखेड्याच्या स्टँडावर दिनविशेषचा फळा तुमीच रोज लिव्हता ना? आज सतरा सप्टेंबर. 'घटना'खाली निजाम शरण आला, मराठवाडा मोकळा झाला. बराबर. 'जन्म'खाली चित्रकार, पुढारी, क्रिकेटवाले, नुसती खेटाखेट. अन् 'निधन'खाली दोनच नावं!

सकाळी आमच्या बायकोनं, आसराबाईनं, चहाचा कप आदळला. "साऱ्या दुनियेचे वाढदिवस फळ्यावर, अन् माझा बाप काय उकिरड्यावर जन्मला? निजाम शरण आला त्याच दिवशीचे आबा!"

खरं हाये. आमची सगळ्यांची तारीख एक जून, शाळेत मास्तरानं टाकलेली. सोयऱ्यात खरी तारीख असलेला एकच माणूस, सासरा.

तुमी झेंड्याला गेल्ते. खडू तिथंच होता. जन्माखाली बोट शिरंना. म्हणलं, एवढी मोकळी जागा वाया कामून घालायची? सासऱ्याचं नाव लिव्हलं: बिभीषण, टेंभुर्णी. (वरचं हेडिंग कोण वाचतं?)

दुपारी शेतातून आलो तं दारात बायकाच बायका, अन् मधात आसराबाई ऊर बडवून राह्यली. शेजारची सगुणाबाई म्हणली, "भाऊ, तुमचे सासरे गेले. गुरुजींच्या फळ्यावर आलंय."

"खोटं असंन."

"गुरुजींच्या फळ्यावर खोटं येत न्हाई."

मीबी बसकन मारली. (सकाळीच वाढदिवस लिव्हून आल्तो, अन् दुपारी माणूस खलास!) टेंभुर्णीला फोन लावला, कोणी उचलंना. मंग तं पक्कंच.

जीपमधी अकरा जण कोंबले. वाटंत सगुणाबाईनं मोबाईलवर फळ्याचा फोटो दाखवला. अक्षर माझं! गुरुजी, जीव असा हलका झाला, वाटलं टपावर चढून नाचावं. म्हातारा जित्ता हाये! पण आसराबाई मांडीला मांडी लावून बसलेली. खरं सांगतो तं मलाच निधनाखाली जावं लागलं असतं. म्हून रडतच राह्यलो.

सासरा ओट्यावर झेंड्याची जिलबी खात होता. आमची रड ऐकून त्यानं जिलबी टाकली अन् आमच्याहून मोठ्यानं रडला. (आधी रडायचं, मंग इचारायचं, ही रीतच हाये.) आसराबाई तोंडावर पदर घेऊन समोर दिसंल त्याच्या गळ्यात पडली. तो तिचाच बाप.

"कोण गेलं, बाई?"

"आबा गेले हो!"

"कोणाचे?"

आसराबाईनं पदर वर केला.

पुढं तिनं मला जे म्हणलं ते मेसेजात सांगण्यासारखं न्हाई. सासरा मात्र पोट धरधरून हसला. "जावईबापू, फळा तं दाखवा." त्याच जीपमधी आला, आपलं नाव पुसलं, अन् त्याच जागी ठळक लिव्हलं: सांडू, केदारखेडा.

अन् तुमी! न वाचता फळ्याच्या काचेच्या दाराला कुलूप घातलं अन् किल्ली घेऊन जालन्याला निघाले. इकडं फोटो ग्रुपवर. बदनापूरची माझी बहीण दैवशाला रडत गाडीत बसली. मी सोता फोन केला तं म्हणती, "माझ्या मेलेल्या भावाचा आवाज काढतो काय रं मुडद्या!"

आसराबाईला म्हणलं, तू तरी सांग तिला, मी जित्ता हाये. ती भाकरी थापता थापता म्हणली, "गुरुजींच्या फळ्यावर खोटं येत न्हाई."

गुरुजी, असंल तिथून माघारी फिरा. कुलूप उघडा अन् फळा पुसा.