खंडूमामाची हरकत

खंडूमामानं आयुष्यातली पहिली जाहीर हरकत स्वतःच्या लग्नात घेतली. अंतरपाट धरलेला, भटजींचा सूर लागलेला, वऱ्हाडी मुठीत अक्षता घेऊन तयार, आणि अंतरपाटामागून नवरदेव म्हणतो, "थांबा. माही एक हरकत हाय."

नवरीच्या बापाचं तोंड उतरलं. मामाच्या बापानं पायातली वहाण काढायला वाकायची तयारी केली. मी त्याच मांडवात उभा होतो. माझ्या मुठीतल्या अक्षतांना घाम सुटला. हरकत काय, तर आचाऱ्यानं चूल लिंबाखाली मांडली होती आणि त्या लिंबावर कावळीचं घरटं होतं. पिल्लं धुरानं घुसमटून राहिली म्हणे! शेवटी अर्धा शिजलेला भात कढईसकट उचलून चूल पलीकडं नेली, तेव्हा कुठं नवरदेव पुढं सरकले. मुहूर्त कधीच गेला होता. भटजींनी दुसरा काढून दिला, करतात काय बिचारे!

मामी हयात होती तोवर ही गोष्ट हसत हसत सांगायची. म्हणायची, "मला तवाच कळलं. कावळ्याच्या पिल्लासाठी लगीन थांबवणारा माणूस माह्यावर काय हात उचलणार?" आणि खरंच, उचलला नाही.

खंडूमामा माझा शेजारी. जातीचा धनगर, दारात शेरडं-मेंढरं, डोक्याला कायम पटका. मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर होऊन घरी बसलोय. म्हणजे बसायचा विचार होता, पण शेजारी खंडूमामा असताना बसू कोण देतं? घराला रंग दिला, हरकत. गेटला कडी लावली, हरकत. "कंडक्टरसाब, कडी वाजती. माही गाभण शेळी दचकून राहिली." गावात पथदिवे आले तेव्हा ग्रामसभेत यानं हात वर केला. म्हणे, उजेडात मेंढरांना झोप येत न्हाई. शेवटी त्याच्या वाड्याजवळच्या खांबाला दिवाच लागला नाही. आजही तिथं मी ठेचकाळतो आणि त्याच्या नावानं शिव्या घालतो.

शोकसभासुद्धा सोडत नाही हो हा माणूस! आमचे म्हातारे पोलीस पाटील वारले. भाषण करणारा म्हणाला, "कैलासवासी पाटील कधी कुणाला रागावून बोलले नाहीत." मामा उठला. "माही एक हरकत हाय. मला बोलले व्हते. लई बोलले व्हते. आन् बराबर बोलले व्हते, चूक माही व्हती." लोक आधी दचकले, मग हसले. रडून रडून डोळे सुजलेली पाटलीणबाईसुद्धा पदराआड हसली.

असा हा माणूस. वर्षातले काही दिवस मात्र गप्प असायचा. ते दिवस म्हणजे त्याची लेक शेवंता माहेरी आली की.

इथं आमचं गाव समजून घ्या. आम्ही धरणाच्या काठावर. धरणाच्या पाण्यात जुन्या टेकड्यांची डोकी वर राहिलीत, त्यांना आम्ही बेटं म्हणतो. एका बेटावर महादेवाचं लहानसं देऊळ आहे. बेटांच्या पलीकडं, पाण्याच्या दुसऱ्या काठाला, शेवंताचं सासर. संध्याकाळी त्यांच्या गावातले दिवे आमच्या ओट्यावरून दिसतात. पण जायचं म्हटलं तर सगळ्या धरणाला वळसा. आधी औंढ्याला जा, तिथं तासन्‌तास दुसऱ्या गाडीची वाट बघा, दिवस मावळता पोचा. मामी गेल्यापासून मामा एकटा. शेवंता आली की चार दिवस राहायची. त्या चार दिवसांत मामा ओसरीवर बसून नुसता हसायचा. माझ्या गेटची कडी खुशाल वाजू द्या, काही म्हणायचा नाही.

तिच्या परतीच्या दिवशी मात्र सगळी कसर भरून निघायची. मी त्या रूटवर होतो तेव्हाची गोष्ट. "कंडक्टरसाब, टायर गुळगुळीत दिसून राहिलं. डायवर झोपेला आलेला दिसतो. खिडकीची काच काहून हलती?" आमचा ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायचा, तर हॉर्नवर हरकत! शेवंता आतून हाका मारायची, "बा, जाऊ दे की आता!" मी घंटी मारायचो, तरी हा गाडीच्या दांडीला धरून चालत यायचा.

तर अशा गावात लाँचची टूम निघाली. या काठावरून बेटांवर, बेटांवरून पलीकडच्या काठाला, अशी लाँच सुरू करायची. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणारे भाविक पुढं बेटावरच्या महादेवालाही येतील, आमच्या पोरांच्या हाताला काम मिळेल, असा बेत. कल्पना आमच्या तात्यांची, म्हणजे तेव्हाच्या सरपंचांची. त्यांचे विरोधक नाना. नानांनी लगेच पर्यावरणाचा झेंडा उचलला. पाणी नासंल, पक्षी उडून जातील, मासे मरतील! नानांचा आवाज गहिवरायचा. वास्तविक नानांनी जन्मात पक्षी पाहिला असेल तर तो ताटात.

मग निवडणूक झाली, नाना निवडून आले, तात्या पडले. आणि काय सांगू तुम्हाला, एका रात्रीत नानांना लाँच आवडू लागली आणि तात्यांना पक्षी! पर्यावरण हे आमच्याकडं विरोधी पक्षाचं खातं आहे. जो पडेल त्यानं सांभाळायचं.

पर्यावरणाचा अहवाल करायला शहरातून तरुण मंडळी आली ती ऐन उन्हाळ्यात. तेव्हा धरणाचं पाणी उतरलेलं असतं, बेटांपर्यंत माणूस चालत जातो. उघड्या पडलेल्या गाळात आमचे लोक काकडी, टरबूज लावतात. त्याला गाळपेर म्हणतात. त्या मंडळींनी मोजमाप केलं, टरबूज खाल्लं आणि अहवालात लिहिलं, 'प्रकल्पक्षेत्रात बेटे आढळून आली नाहीत.' झालं! तात्या म्हणाले, बेटंच नाहीत तर लाँच जाणार कुठं? नाना म्हणाले, पाच बेटं आहेत, माणसं पाठवून मोजून घ्या. दोघांची जुंपली, पार जिल्ह्याच्या पेपरात आलं. आणि दोघंही लहानपणापासून त्याच बेटांवर बोरं खात वाढलेले!

जनसुनावणी ठरली. म्हणजे मांडव घालून लोकांच्या हरकती ऐकायच्या. आता हरकत म्हटल्यावर गावाला दुसरं कुणाचं नाव आठवणार? नाना मामाकडं येऊन चहा पिऊन गेले, तात्याही पिऊन गेले. मामा दोघांना एकच म्हणाला, "आधी अहवाल तर आयकू द्या." तो वाचून दाखवायचं काम कुणाकडं? माझ्याकडं! घसा बसला माझा. ध्वनिप्रदूषणाचं पान आलं की म्हणायचा, "परत वाचा. मासोळीला आयकू येतं का, ते लिवलंय का?" मी म्हणालो, "मामा, अहो लाँच झाली तर शेवंता अर्ध्या तासात येईल इकडं. तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे." तो शेळीच्या कानातली गोचीड काढत बसला.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. जिल्ह्याचे साहेब टेबलामागं बसलेले. आधी तात्या बोलले, मग नाना. मजा म्हणजे तात्या नानांचंच जुनं भाषण करत होते, गहिवरासकट. मग साहेबांनी विचारलं, "ग्रामस्थांपैकी कुणी?" आणि सगळा मांडव खंडूमामाकडं वळला.

मामानं पटका सारखा केला. "साहेब, माही हरकत हाय." आणि मग जो बोलला! लाँचचं तेल पाण्यावर तरंगंल, तेच पाणी आमची मेंढरं पितात. लाँचच्या लाटांनी काठाची माती ढासळंल, मग गाळपेर कुठं करायची? मधल्या बेटावर पक्षी अंडी घालतात, त्या महिन्यात तिथं माणसाचा पाय नको. साहेब भराभर लिहून घेत होते. तात्यांच्या माणसांनी टाळ्या कुटल्या. मामाचं मात्र त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसा बोलला आणि खाली बसला.

"पलीकडच्या काठाचं कुणी आहे का?" साहेबांनी विचारलं.

मागून एक बाई उठली. शेवंता! तिच्या गावच्या बायका जीप करून आल्या होत्या, त्यात ही. मामाला पत्ता नव्हता. तो अर्धा उठून तसाच राहिला.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. बापाकडं तिनं बघितलंच नाही. "माहा बाप ह्या काठाला एकटा राहतो. मागं त्याला ताप आला, तो उतरल्यावर मला कळलं. त्यानं सांगितलंच न्हाई, का तर मला यायला तकलीफ व्हईल. रोज संध्याकाळी मी त्याच्या गावचे दिवे बघते. त्याच्या वाड्यापाशी दिवा बी न्हाई, तिथं नुसता अंधार दिसतो. त्यो जेवला का, पडला का, मला काय कळणार? साहेब, लाँच पायजे. तेलाचं, पक्ष्याचं काय करायचं ते करा, पण लाँच पायजे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नाना वाजवणार होते, पण त्यांनाही कसंतरी झालं असावं.

सुनावणी उठली. शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी मी पाणी पीत होतो, तिथं बाप-लेक समोरासमोर आले.

"बा, तू काहून आडवा आला?"

"पक्षी अंडी घालत्यात."

"बा."

"तेल तरंगतं पाण्यावर..."

"बा, मी तुही लेक हाय."

मामा खाली बघत राहिला. मग इतक्या हळू बोलला की मी पेला तोंडापासून काढला. "लाँच झाली की तू सकाळी येशील आन् संध्याकाळी जाशील. तुही सासू म्हणंल, अर्ध्या तासाची तर वाट, मुक्काम कशाला? आत्ता लांबून येती म्हणून चार दिस राहती. त्या चार दिसावर मी वरीस काढतो."

शेवंताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं मात्र ती बोलली नाही. "व्हय बा. मुक्काम न्हाई करू देणार त्या. पण दर बाजाराला येईन."

"दर बाजाराला?"

"व्हय."

"जेवून जाशील?"

"जेवून जाईन."

जीपचा हॉर्न वाजला. बायका हाका मारू लागल्या. जीपच्या टायरवर मामानं त्या दिवशी काही हरकत घेतली नाही. मला ते बघवेना.

तिथून मामा तडक साहेबांच्या टेबलापाशी गेला. "साहेब, माही हरकत वापस द्या."

साहेब कागद आवरत होते. "आजोबा, तुमचे मुद्दे बरोबर आहेत. अख्ख्या सुनावणीत मुद्द्याचं तुम्हीच बोललात. परत कशाला घेता?"

हरकत नोंदीत तशीच राहिली आणि व्हायचं तेच झालं. पुढं निकाल आला, लाँचची परवानगी थांबली. ग्रामस्थांनी मांडलेल्या मुद्द्यांचा पुन्हा अभ्यास करायचा, तोवर काम बंद. जन्मभरात मामाच्या एवढ्या हरकती झाल्या, मोठ्या सरकारनं मानलेली ही पहिलीच. तात्यांनी हलगी लावली, मामाला शाल घातली, फेटा बांधला. मामा मिरवणुकीत असा चालत होता की बैल बाजारात नेताना बरा चालतो.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. समोर पाण्यापलीकडं दिवे लागले होते. म्हणाला, "हरकत खरी हाय, कंडक्टरसाब. तेल तरंगतंच. पण मी ती खऱ्यासाठी घेतली न्हवती." मी आपला समजूत घालायला लागलो, तर उठून गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच दारात हजर. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. "शेरडं बघा. मी लेकीकडं जाऊन येतो. लाँच माह्यापायी थांबली, हे तोंडानं सांगितलं पायजे तिला."

मी थक्क! आमच्याकडं बाप लेकीच्या सासरी राहत नाही. गेला तर उभ्याउभ्या विचारपूस करतो, पाण्याचा घोट घेतो आणि परत फिरतो. मामा तर या बाबतीत फारच कडक. म्हणजे रात्र वाटेत एखाद्या देवळात काढून दुसऱ्या दिवशी घरी, असा मी हिशेब धरला. आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इकडं त्याच्या शेळ्यांनी माझी तुळस खाल्ली, जास्वंद खाल्ली, वाळत घातलेला टॉवेल चघळला. मी शेळ्यांना शिव्या घालत होतो आणि येणारी प्रत्येक गाडी बघून येत होतो. एवढ्या वयाचा माणूस, वाटेत काही झालं तर?

चार दिवसांनी उतरला गाडीतून. मी धावत गेलो आणि खेकसलोच, "अहो कुठं होता? काही माणुसकी आहे का? इथं माझा जीव टांगणीला!"

तो शांतपणे पिशवी सांभाळत चालू लागला. जरा वेळानं म्हणाला, "लेक पहिल्या दिशी बोललीच न्हाई. ताट वाढलं, पर बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी भांडली. लई भांडली. बराबर भांडली."

"मग लगेच यायचं ना निघून!"

"निघालो व्हतो की. पिशवी उचलली, पायात वहाण घातली." मामा थांबला. "तर विहीणबाई दारात आडव्या आल्या. म्हणल्या, पाव्हणं, एवढ्या लांबून आलात. चार दिस राहिल्याबिगर कुठं निघालात?"

"आणि?"

"राहिलो," मामा म्हणाला, आणि पटक्याच्या शेवानं डोळे पुसत शेळ्यांकडं गेला.