पोचल्याचा मेसेज

साहेबांचा आदेश निघाला की फिरतीवर गेलेल्या कर्मचाऱ्याने गावात पोचताच तसे ग्रुपवर इंग्रजीत कळवावे. हेतू उदात्त होता. मराठीत काय, कोणीही थाप मारू शकतो.

जनावरांच्या दवाखान्यातले सावळेराम शिस्तीचे गृहस्थ. गेल्या खेपेला त्यांनी 'आय केम' लिहिलं आणि साहेबांनी सगळ्यांदेखत दात काढणारी तोंडं पाठवली. सावळेरामांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणून या वेळी त्यांनी नियोजन केलं: आधी पोचल्याचा मेसेज तयार करायचा, मगच निघायचं.

घोडेगावच्या स्टँडवर डिंभ्याची बस उभी होती. डिंभ्यात भिमाबाईची बांडी मेंढी पोट फुगून पडली होती. इंजेक्शन सावळेरामांच्या पिशवीत होतं आणि सावळेराम मोबाइलमध्ये होते. 'रीच्ड' की 'अराइव्ड'? 'रीच्ड' म्हणजे धापा टाकत गेल्यासारखं वाटे. 'अराइव्ड'ला वजन होतं, पण ते विमानाने जाणाऱ्यांना शोभायचं.

"बसा की राव! ही गेली की दुसरीचा काय नेम न्हाई," कंडक्टर ओरडला.

"थांबा हो, शासकीय काम चालू आहे."

तेवढ्यात शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या उज्ज्वला मॅडम दिसल्या. त्यांनी दोन्ही शब्द पाहून नाक मुरडलं. "फारच बाळबोध! 'गॉट हिअर' टाका, हल्ली तेच चालतं."

झालं! आता उमेदवार तीन. निकाल लागेस्तोवर बस निघून गेली.

फोन वाजला. "डाक्टर, कुठवर आलाय? बांडी मान टाकाया लागली. पाया पडते, बेगीन या."

"निघालोच, भिमाबाई."

सावळेरामांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण पोचायची वेळ टळत होती. त्यांनी डोळे मिटून 'अराइव्ड' पाठवून दिलं. साहेबांचा अंगठा आला. मागोमाग सगळ्या खात्याचे अंगठे आले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांच्या इंग्रजीला कोणी हसलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा भिमाबाई. "तुमच्या हापिसात इचारलं. ते म्हणत्यात, डाक्टर कवाच पोचले. मी समदी आळी धुंडली. कुठं हाय तुमी?"

सावळेराम स्टँडवर दुसरी बस दिसते का ते पाहू लागले.

"ऱ्हाऊ द्या. बांडी गेली. आता सावकाश या."

यावर काय बोलावं, ते सावळेरामांना कुठल्याच भाषेत सुचलं नाही.

हसू नका. बांडी तिकडे पाय झाडत होती, तेव्हा तुम्ही-आम्हीसुद्धा त्या तिघांतला बरोबर शब्द कोणता, तेच मनातल्या मनात ठरवत होतो.