उस्मानचाचांची गळकी पेटी

आमचे शेजारी उस्मानचाचा कागदी हे पाहुणा आला तरी उठून उभे राहत नसत. माणूस उद्धट मुळीच नव्हता. त्यांचा उजवा पाय घमेल्यातल्या पाण्यात असे, एवढंच. घमेल्याच्या तळाशी चिकट लुकणाचा शेंदरी गोळा. पाहुण्यानं बिचकत विचारावं, "चाचा, पायाला लागलं का काय?" आणि चाचांनी शांतपणे सांगावं, "लागलं न्हाई. पायाला इचारतोय."

पायावर चाचांचा भारी भरवसा. घराणं पिढीजात हातकागद करणारं. चुन्यात मुरवलेल्या चिंध्यांचा लगदा ढेकीखाली कुटायचा, ती ढेकी पायानं हाणायची, आणि मग कुकडी नदीच्या पात्रात उभं राहून तो लगदा धुवायचा. लगदा तयार झाला की नाही, हे चाचांचे पाय सांगत. "हात चुकतो, डोळा फसवतो. पाय न्हाई फसवत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुढे गिरणीचा कागद स्वस्त झाला, ढेकी बंद पडली, मुलगे तंबाखूच्या धंद्यात शिरले. चाचांचे पाय मात्र अजून नोकरीवर होते. मी एकदा बाजारातून नवी सतरंजी आणली, तर चाचा आधी तिच्यावर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सूत कच्चं हाय, मास्तर. फसलात." दिवाळीच्या आत ती सतरंजी विरली. तेव्हापासून मी पायांच्या वाटेला गेलो नाही.

घमेल्याचं प्रकरण सुरू झालं ते सुग्राचाचीमुळे. चाची ओट्यावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. इथल्या, जुन्नरच्या, हाडवैद्याला काही ते जमेना, म्हणून चाचा तिला पुण्याला घेऊन गेले. डॉक्टरनं तपासून सांगितलं, की आता ही बाई चालायची नाही. चाचीनं ते ऐकलंच नाही. दवाखान्यात काचेची एक पेटी होती, तिच्यात मासे फिरत होते, आणि चाची त्यांच्याकडे बघून हसत होती. पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. लग्न झाल्यापासून ती रोज चाचांची भाकरी घेऊन नदीवर जायची आणि चतकोर भाकरी माशांना चुरून घालायची. आता नदी कायमची तुटली होती.

जुन्नरला उतरल्या उतरल्या चाचांनी जाहीर केलं, "हिला पेटी करून देतो. खाटंशेजारी नदी आणून ठेवतो."

तसबिरींच्या दुकानातून काचा आल्या, सुतारानं सागवानी चौकट दिली, तळाला शहाबादी फरशी बसली. राहिला प्रश्न फक्त सांध्यांचा. काय भरलं म्हणजे पाणी बाहेर येणार नाही, आणि काय भरलं म्हणजे त्याचं विष पाण्यात उतरणार नाही? मी जरा शास्त्रीय बोलायला तोंड उघडलं, तोवर चाचांनी उत्तर शोधलंही होतं. कागद्याला दुसरं काय सुचणार? खळ! गव्हाची घट्ट खळ शिजवून, जुन्या हातकागदाच्या पट्ट्या त्यांनी सांध्यांवर एकावर एक चढवल्या. "ह्या खळीनं चिकटवलेली दप्तरं माझ्या आज्यापासून उकलली न्हाईत," म्हणत त्यांनी पेटीत पाणी ओतलं. दप्तरांवर कुणी हंडाभर पाणी ओतलेलं नसतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळी खोली धुऊन निघाली आणि चाचीच्या खाटेखालून दोन कोंबड्या ओरडत बाहेर पळाल्या.

मग गल्लीतल्या रंगाऱ्यानं सल्ला दिला, की जवसाच्या तेलात शेंदूर मळून लुकण करा, थेंबभर पाणी हलायचं नाही. चाचांनी लुकणाचा गोळा घमेल्यात टाकला, पाय बुडवला आणि चार दिवस बसून राहिले. पायानं हूं की चूं केलं नाही. लुकण पास झालं. पेटी भरली, एक थेंब गळला नाही. चाचांनी स्वतः नदीवर जाऊन, धोतराच्या सोग्यानं धरून बोटाएवढे मासे हंड्यातून आणले. चाचीनं भाकरी चुरली.

दुसऱ्या दिवशी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

चाची काही रडली बिडली नाही. "आता नका आणू," एवढंच म्हणाली. "माझ्या करमणुकीला त्यांचा जीव कशाला?" त्या दिवशी तिनं जेवणाचं ताट तसंच परत पाठवलं. पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली, आणि पेटी रिकामी राहिली तर ही बाई हाय खाणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

चाचा अंगणात बसले होते. "पाय खोटं बोलला, मास्तर," ते म्हणाले. एवढा खचलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. मी खाली बघितलं, तर त्यांच्या टाचेत बाभळीचा हा एवढा काटा मुळापर्यंत रुतलेला.

"चाचा, काटा!"

"कुठं?" चाचा म्हणाले.

आयुष्यभर चुन्यात कमावलेले ते पाय! त्यांना निखारासुद्धा कळला नसता, शेंदराचं विष काय कळणार? चाचांनी काटा उपसला, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर हळूच माझ्या पायांवर आली.

"तुमचं पाय बघू, मास्तर."

मी राजुरीच्या शेतकऱ्याचा मुलगा. पण पोरगं शिकावं म्हणून वडिलांनी मला ढेकळांत कधी उतरू दिलं नाही, त्यामुळे माझे पाय एखाद्या नवरीचे असावेत तसे राहिलेले. चाचांनी तळव्यावर अंगठा दाबून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "लई नाजूक! माशाच्या जातीचं हायेत."

त्यानंतर शाळा सुटली की मी चाचांच्या अंगणात पाय घमेल्यात घालून वह्या तपासायला लागलो. डांबरानं मला अशी खाज सुटली, की एका पायानं दुसरा पाय खाजवत मी आठवडाभर फळ्यापुढे नाचत होतो आणि पोरांना भूगोलाची गोडी लागली. डांबर बाद. चुना आणि गूळ मळून केलेल्या लुकणानं बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या, तेही बाद. शेवटी चाचांनी डोंगरातल्या पोळ्याचं मेण आणि बाजारातली राळ एकत्र वितळवली, गोळा करून घमेल्यात टाकली. मी कित्येक दिवस बसलो. पाय मजेत होते.

"बोलला!" चाचा ओरडले. "पाय बोलला!"

राळ-मेण गरम गरम सांध्यांत भरलं. पेटी भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची, असं पाण्याचा वास जाईपर्यंत चाललं. मगच मासे आले. या खेपेला ते जगले. चाचीनं भाकरी चुरली, मासे वर झेपावले, आणि ती खुदकन हसली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण दोनचार दिवसांत आतून हाक आली, "अहो, गळतंय!" चाचा धावले. काचेसमोर बरोबर मधोमध जमीन ओली होती. त्यांनी सांधे चाचपले, वर जरा मेण फिरवलं, आणि बोलत बोलत तिथेच तासभर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गळती. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या पायांची अब्रू पणाला लागली म्हणून मी एका दुपारी स्वतः बघायला गेलो. दारातच थबकलो. चाची खाटेवरून वाकून, आपल्या फुलपात्रातलं पाणी जपून पेटीशेजारी ओतत होती.

मला पाहून ती लाजली. "कागद व्हता तवा ते दिसभर नदीवर. कागद गेला, तवा वाटलं, आता घरात बसतील. तर ही पेटी आली आन् ते अंगणात गेले. सुना वावरत्यात घरात. उगं बायकोपाशी येऊन बसायचं कसं, म्हनून बाहीरच असत्यात. गळलं की येत्यात बगा." मग हळूच म्हणाली, "मास्तर, बोलू नका कुनाला."

मी कशाला बोलतो? पण बाहेर आलो तर चाचा मेणाची वाटी घेऊन हाकेची वाट बघतच बसले होते. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "चाचा, सांधे पक्के आहेत हो. मला तरी खात्री आहे."

"मलाबी हाय," चाचा म्हणाले. "गळलं तर सांध्यातनं गळंल, मास्तर. अखंड काच मदोमद कवा गळती व्हय?"



आतून हाक आली. चाचा लगबगीनं उठले, आणि जाता जाता माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तिला सांगू नका, राव. सांडायची थांबंल."